जर्मनीतलं ‘या, या’

मी जर्मनीला पाण्याचं शिकायला गेले. लातूरच्या मामांना ही गोष्ट लगेच पटली, कारण त्यांच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे सांगू शकणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. शिकून झालं की आधी आमच्या गल्लीत ये, एवढंच ते म्हणाले. बाबांचा आनंद वेगळा होता. ते मुदखेड स्टेशनात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. जर्मनीत गाडी आली की माणसं घड्याळं लावून घेतात, असं त्यांनी नांदेडच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

माझी पहिलीच गाडी रद्द झाली. दुसरी इतकी उशिरा आली, की तोवर माझी शिदोरी संपली. फोनवर हे सांगितल्यावर बाबांनी आधी गाडीचा नंबर विचारला. मग म्हणाले, ‘‘तू चुकीच्या फलाटावर उभी असशील, माय.’’

शहराचंही तेच. माझ्या डोक्यात काचेच्या उंच इमारती होत्या. बसमधून उतरले तर शेणखताचा वास आला. रविवारी सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाजार नसलेल्या दिवशीही लातूरजवळच्या औशाला याहून जास्त गर्दी असते. (आईला मात्र गाव पसंत पडलं. शेण आहे म्हणजे माणसं बरी असतील, असं तिचं मत.)

पण खरी फजिती भाषेनं केली. मी जर्मनचा कोर्स चांगल्या मार्कांनी पास झाले होते. कोर्समधली माणसं एकमेकांना स्टेशन कुठं आहे ते विचारायची आणि समोरचा सावकाश सांगायचा. माझ्या घरमालकीण हिल्डाबाई सत्तरी ओलांडलेल्या, तिथली गावाकडची बोली बोलणाऱ्या. निम्मे शब्द त्या गिळायच्या आणि उरलेले एकात एक गुंतवायच्या. सुरुवातीला मी ‘परत सांगता का’ असं विचारून पाहिलं. पण किती वेळा विचारणार? शेवटी लाज वाटायला लागली. मग त्या बोलायच्या थांबल्या की मी हसून ‘‘या, या’’ म्हणायला लागले. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे होय. माझं सगळं सुरळीत चालू झालं.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी स्वयंपाकघरात असायचे, हिल्डाबाई शेजारून फोनमध्ये डोकावायच्या. बाबा जय भीम म्हणायचे, त्याही हात जोडून जय भीम म्हणायच्या. हा इंडियातला नमस्कार, एवढं त्यांनी ओळखलं होतं. पुढं बाबा मराठीत आणि त्या त्यांच्या बोलीत खुशाल गप्पा मारत बसायचे. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. ‘‘बाई लई मायाळू हाय,’’ बाबा आईला सांगायचे, ‘‘दर खेपेला या, या म्हणून बोलवून राहिली.’’ त्यावर आईनं पासपोर्टची चौकशीसुद्धा केली.

डिसेंबरात सुट्ट्या लागल्या. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी मी काही दिवस राहायला गेले. परतले तेव्हा बर्फ पडत होता. खोलीचं दार उघडलं, तर माझ्या पलंगावर एक अनोळखी म्हातारी पाय पसरून स्वेटर विणत बसलेली. मी माफी मागून दार लावून घेतलं. (स्वतःच्याच खोलीत शिरल्याबद्दल!)

हिल्डाबाई लगबगीनं आल्या. मला पाहून त्या चकितच झाल्या. इतक्यात इंडियाहून परत कशी आलीस, असं त्यांनी विचारलं आणि घरच्यांची खुशालीही विचारली. माझं सामान तळघरात बटाट्यांशेजारी खोक्यांत भरून ठेवलं होतं. माझा कुकर तर वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला होता. हळूहळू उलगडा झाला. मी सगळी सुट्टी घरी जाणार, असं समजून त्यांनी आपल्या नणंदेला, गेर्डाबाईंना, माझी खोली दिली होती. गेर्डाबाईंच्या घराची गरम पाण्याची पाइपलाइन फुटली होती. अशा थंडीत त्यांना कुठं पाठवणार? आणि मी तरी कुठं जाणार?

गुन्हेगार कोण, याबद्दल मला शंका नव्हती. मी जिन्यात बसून बाबांना फोन लावला. मी घरी येणार असं तुम्ही यांना सांगितलं का, असं विचारलं. बाबा विचारात पडले. ‘‘ती कायतरी विचारायची,’’ ते म्हणाले, ‘‘मी हाव म्हणायचो.’’

मग मी खूप बोलले. जे कळत नाही त्याला माणसानं हो म्हणू नये, तुमच्यामुळे परक्या देशात मी जिन्यावर आले, सगळं बोलले. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘चुकलं, माय. बाईला फोन दे. मी माफी मागतो, तू तिला समजावून सांग.’’

मी त्यांचं म्हणणं हिल्डाबाईंना सांगितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून असेल, पण पहिल्यांदाच त्या अगदी सावकाश, पुस्तकातल्यासारखं जर्मन बोलल्या. वडिलांची काही चूक नाही. मी तुलाच विचारलं होतं, याच जिन्यात. नाताळात घरी जाणार का, गेर्डा तुझ्या खोलीत राहिली तर चालेल का? तू हसून हो, हो म्हणालीस. खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा तर तू माझा हातही दाबलास.

जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदाच मला इतकं लांबलचक बोलणं शब्दन् शब्द कळलं होतं.

‘‘काय म्हणली?’’ फोनवर बाबा विचारत होते. क्षणभर वाटलं, दुसरंच काहीतरी सांगून टाकावं. पण हिल्डाबाई इतक्या काळजीनं समोर उभ्या होत्या, की मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे आई हसायला लागली. बाबा हसले नाहीत. ‘‘जेवलीस का?’’ एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा मात्र मला रडू आलं. खोलीसाठीच रडतेय असं समजून हिल्डाबाईंनी मला आत नेलं आणि गरम सूप पुढं ठेवलं.

उरलेली सुट्टी मी बैठकीच्या सोफ्यावर झोपले. दिवसभर गेर्डाबाई हीटरजवळ माझ्या शेजारी येऊन बसायच्या. त्यांची बोली हिल्डाबाईंहून अवघड, आणि कानांनी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्या बोलायच्या, मी मान डोलवायचे. मी बोलायचे, त्या मान डोलवायच्या. आमचं फार छान जमलं. निघायच्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हिल्डाबाईंना ठणकावून सांगितलं, की या मुलीइतकं स्वच्छ जर्मन बोलणारी परदेशी मुलगी आपण आजवर पाहिली नाही.

बाबांनी हे आमच्या सगळ्या कॉलनीला सांगितलंय. गेर्डाबाईंच्या कानांबद्दल मात्र आमच्या घरात कोणी चकार शब्द काढत नाही.