हो-हो आणि विटेएवढा रेडिओ

माझा धाकटा भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करतो. कुणी काहीही बोलो, मान न वळवता "हो, हो" म्हणतो. म्हणून घरात त्याचं नावच हो-हो. या हो-होने चार वर्षं खपून मागच्या शेडमध्ये एकाच माणसापुरतं हेलिकॉप्टर बांधलं! उडवायला रीतसर शिकलाही. पण भावजयीची अट होती : "खालून मी बोललेलं वर ऐकू येईल असा रेडिओ आणा. तोवर हे जमीन सोडणार नाही."

दुकानदाराने तीन जोड्या पारखायला दिल्या. एक रेडिओ यंत्रात, जोडीचा मैदानाच्या टोकाला माझ्या हातात. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई मी. इंजिन धडधडत असताना असं स्वगत फेकलं की तिन्ही रेडिओ पास! भाऊ रंगीत पडद्याचा चकचकीत रेडिओ उचलणार, तोच भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचा आवाज रेडिओ बंद असला तरी पोचेल. खाली मी असणार ना!"

खरंच की! आणि हिचा आवाज म्हणजे मांजराचं पाऊल.

भाऊ परत यंत्रात बसला, पुन्हा पातं गरगरलं. चकचकीत रेडिओ तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "अहो, यंत्र विकून टाकू का?"

"हो, हो!"

दुसरा घेतला. "शेडमध्ये कोंबड्या पाळू?"

"हो, हो! खुशाल!"

मी हसून हसून गवतात बसले. तिसरा विटेसारखा जड, जाड बटणांचा. भावाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ती आणखी हळू म्हणाली, "मग भंगारवाल्याला बोलावते."

"खबरदार!" हो-हो बसल्या जागी उडाला. "हात तर लावू दे त्याला!"

"हाच घ्या," भावजय म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तो उडाला! झाडांच्या शेंड्यांवरून, गोल गोल. बहात्तराव्या वर्षी, दुखरा गुडघा विसरून, मी मैदानात नाचले. भावजय त्या विटेत कुजबुजत होती, कुजबुजतच होती. वीस वर्षांचं साचलेलं दहा मिनिटांत ऐकवलं असावं, कारण हो-हो उतरला तो घामाघूम. हेल्मेटसकट, यंत्रातली जोडीची वीट बटणासकट मुठीत आवळून माझ्याकडे धावत आला आणि कानाशी लागून म्हणाला, "ताई, याचा आवाज बारीक करायचं बटण कुठलं गं?"

मैदानाच्या पलीकडून भावजयीने हातातली वीट उंच धरली.

"तेही ऐकू आलं हो!"