मस्टरवरच्या तांबड्या फुल्या

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी माझ्या एका वाक्याने वाचली असती. ते वाक्य मी बोललो नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं नवं कॉलेज हायस्कुलाच्या इमारतीत सकाळी साडेसातला भरायचं. तो खाडीपलीकडून होडीने यायचा. पुनव-अवस उलटली की दोन-तीन दिवस सकाळी पाणी पार ओसरायचं, होडी रुतून बसायची आणि हा गुडघाभर चिखलाने माखून आठाला दारात उभा राहायचा. पहिले प्राचार्य पंचांग बघूनच त्या दिवसांचे त्याचे तास शेवटी ठेवायचे. त्यानेही असं जीव तोडून शिकवलं की इतर वर्गांतली मुलं मागे येऊन बसायची.

मग घाटावरून नवे प्राचार्य आले. शिस्तीचे, लबाड नव्हते, एवढं म्हणायलाच हवं. त्यांनी वेळापत्रक पक्कं केलं आणि साडेसात वाजले की मस्टरवर तांबडी फुली मारू लागले. त्याने ओहोटीचं सांगून पाहिलं. "कालपर्यंत होडी वेळेवर येत होती ना?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर तो मुकाट्याने शिकवून निघून जाऊ लागला. मुलांच्या शंकांसाठीही थांबेना.

वर्षअखेरीला त्याला कायम करायचं की नाही, हे ठरायचं होतं. प्राचार्यांनी मला बोलावून मस्टर पुढे सरकवलं. "तुम्ही इथलेच, पदार्थविज्ञान शिकवता. हे गृहस्थ सांगतात त्यात तथ्य आहे का?"

फुल्या दर पंधरवड्याला, दोन-तीनच्या झुपक्यांनी पडलेल्या. त्यावरून कुणीही पुनव-अवस मोजून घ्यावी! खाडीकाठी वाढलेल्या मला तर ते पहिल्याच पानावर दिसलं. पण माझंही कायम व्हायचं राहिलं होतं आणि साहेबांना कुठलं उत्तर हवंय ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"नक्की सांगता येत नाही, सर," मी म्हणालो. भेकड होतो, दुसरं काय.

एप्रिलात त्याला घरी बसवल्याचं पत्र आलं आणि मला कायम केल्याचं. कपाटाची किल्ली परत द्यायला तो आला, तेव्हा मी मस्टरवर सही करत होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"त्यांनी तुका इचारूक होया होता रे," तो म्हणाला. "तुका सगळा म्हायत आसा."

"होय," मी म्हणालो, आणि सही पुरी केली.