पाहुण्यांसाठी उघडलेली खोली

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मुरूमजवळच्या एका खेड्यात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. घर मुरूमात, वडील तिथल्या कचेरीत कारकून. आई जाऊन चौदा वर्षं झाली होती, त्यामुळं स्वयंपाकाचं बघायला मामी आणि चुलती येणार होत्या. वऱ्हाड कुठं उतरवायचं, हे मात्र माझ्याकडं आलं.

सोलापूरहून साठ माणसं यायची होती. मुरूमात तेव्हा हॉटेल म्हणजे चहा आणि भजी, तिथं मुक्काम कुठला? लग्नाचा जानवसा शाळेत, नाहीतर देवळाच्या ओवऱ्यांत असायचा. शाळेत परीक्षा चालू होत्या आणि ओवऱ्यांचं छत उतरवून ठेवलेलं. त्यात नवरदेवाच्या काकांचं पत्र आलं. जागा स्वच्छ हवी, विहीर जवळ हवी, घरात म्हातारी माणसं सोवळ्याची आहेत. वडील ते पत्र खिशात घालून हिंडायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, "तुमच्या घरी दोन खोल्या निघतील का हो?"

आमच्या गल्लीच्या टोकाला चाचीचं घर होतं. मोठं अंगण, विहीर, चार खोल्या, आणि राहणारी ती एकटी. तिचे यजमान माझे उस्ताद. निजामाच्या काळात शाळा उर्दूत होती, मला अलिफ-बे त्यांनीच शिकवलं. संस्थान गेलं त्या दिवसांत गावात पळापळ झाली. उस्ताद एका सकाळी शाळेच्या किल्ल्या पोचवून येतो म्हणून बाहेर पडले, ते परत आले नाहीत. कुणी म्हणालं आळंदच्या वाटेवर मारले गेले, कुणी म्हणालं हैदराबादेत दिसले. चाचीनं त्यांची बैठकीची खोली कुलूप लावून ठेवली. शुक्रवारी झाडायला तेवढी उघडायची.

आई गेली तेव्हा बहीण चार वर्षांची होती. तिची वेणी चाची घालायची. डोक्यात उवा झाल्या तर चाची, गोवर आला तर चाची. संध्याकाळी बहिणीला हाक मारायची तर आम्ही चाचीच्याच दारात जाऊन मारायचो.

मी वडिलांना म्हणालो, "चाचीचं घर घेऊ."

वडिलांनी खिशातलं पत्र चाचपलं. मग म्हणाले, "ती न्हाय म्हणणार न्हाय. पण त्या लोकांना चालंल का?"

"त्यांना कोण सांगतंय? दोन रात्रींचा तर प्रश्न आहे."

हे मी बोललो. वडिलांनी नुसती मान हलवली.

चाचीला विचारलं तर ती उलट रागावली. "बेटीची शादी आणि तू पूछने को आया? घर तुमचाच है." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी पीछे की कोठरीत राहीन. माझं एक भांडंसुद्धा बाहेर ठेवणार नाही. पाणी तुमच्याच घागरींनी भरा." मी तोंडातून काढू शकलो नव्हतो ते सगळं तिनंच बोलून टाकलं, आणि मला तेव्हा हायसं वाटलं.

पुढचे चार दिवस ती राबत होती. भिंतींना चुना दिला, अंगण सारवून घेतलं. वऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी मी सतरंज्या घेऊन गेलो तर बैठकीची खोली सताड उघडी होती. उस्तादांची पुस्तकं लोखंडी पेटीत भरलेली, त्यांचा पलंग धुऊन उन्हात ठेवलेला.

"चाची, ही खोली कशाला? तीन पुरतील."

"दूल्हा कुठं बसेल? जमिनीवर?" ती म्हणाली. पलंगाच्या नवारी तिनं स्वतः ताणून बांधल्या होत्या, तिची बोटं सोलली होती. "तुझे उस्ताद असते तर त्यांनीच दिली असती. आता मलाच द्यायला पायजे ना."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाची मोटार जळकोटजवळ पंक्चर झाली आणि दुपार कलल्यावर गावात पोचली. माणसं धुळीनं माखलेली, भुकेजलेली. मी त्यांना चाचीच्या घरी नेलं. चाची मागच्या कोठरीत होती, दाराला पडदा होता. पोरं विहिरीकडं धावली, बायकांनी वळकट्या सोडल्या. नवरदेव पलंगावर बसला. दहा मिनिटं सगळं ठीक होतं.

मग नवरदेवाचे काका बैठकीत आले. ते उभे राहून भिंतीकडं बघत होते. चुन्याखालून एक जुनी उर्दू ओळ दिसत होती, उस्तादांनी पूर्वी कधीतरी काळ्या शाईनं लिहिलेली. आधी चुन्यानं झाकली गेली होती, मग शाई पाझरून वर आली.

"घर कुणाचं आहे हे?"

"ओळखीतलं आहे."

"मालक कुठं असतात?"

पडदा माझ्यापासून चार हातांवर होता. मला तो दिसत होता. मी म्हणालो, "कुणी नाही इथं. घर मोकळंच असतं. माणसं गेली सोडून."

काकांनी पुन्हा त्या ओळीकडं बघितलं. "म्हणजे त्यांचं घर," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "आमच्या नवरदेवाला असल्या फुटक्या नशिबाच्या घरात उतरवलंत? मंडळी, सामान आवरा."

वडील धावत आले. त्यांनी हात जोडले. पंधरा मिनिटांत वळकट्या परत बांधल्या गेल्या. बाजारपेठेतल्या एका आडत्यानं आपलं गोदाम उघडून दिलं. मिरच्यांची पोती एका बाजूला सारून वऱ्हाड तिथं उतरलं. म्हातारी माणसं रात्रभर शिंकत होती, पण कुणी तक्रार केली नाही.

मोटारीत सामान चढवून मी सतरंज्या न्यायला परत आलो. चाची बैठकीत उकिडवी बसून पलंगावरची चादर घडी घालत होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. मला ते हवं होतं.

"चाची, मी तसं बोललो, म्हणजे..."

"बच्ची जेवली का?" तिनं विचारलं. "हळद लागली की पोरीला भूक राहत नाही. दहीभात दे तिला. आणि यातलं तिच्या कानावर घालू नको. नव्या घरी चाललीय."

मी सतरंज्या काखेत घेतल्या आणि निघालो.

लग्न पार पडलं. चाची आली नाही. पाठवणीच्या वेळी मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बहीण सगळ्यांच्या पाया पडली आणि एकदम वळून म्हणाली, "मी चाचीला भेटून येते." काका घड्याळ बघत होते. वडिलांनी मान खाली घातली. मी तिचा दंड धरला आणि म्हणालो, "आता नको, उशीर होतोय. माहेरपणाला येशील तेव्हा भेट."

तिनं माझं ऐकलं. लहानपणापासून ती माझं ऐकायची.

ती माहेरपणाला यायच्या आत चाचीचा भाऊ हैदराबादहून आला आणि तिला घेऊन गेला. मी तेव्हा शाळेच्या गावी होतो. वडील म्हणाले, जाताना ती आमच्या दारात थांबली होती, पण घराला कडी होती. पत्ता कुणाकडंच ठेवला नव्हता. पावसाळ्यानंतर घर विकलं गेल्याचं कळलं.

दोन वर्षांनी दिवाळीत मी सोलापूरला गेलो. बहिणीच्या मांडीवर मूल होतं. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "दादा, चाची माझ्या लग्नाला का आली नाही रे? माझं काही चुकलं होतं का?"

दार उघडं होतं आणि ओसरीवर काका सुपारी कातरत बसले होते. "आजारी होती," मी म्हणालो.

"घर तर चार पावलांवर. मी निघाले तेव्हा दारापर्यंत तरी यायचं होतं." ती मुलाला थोपटत राहिली. "आई असती तर आजारपणातही आली असती. शेवटी परकं ते परकंच."

मी उठलो आणि ओसरीवर काकांशेजारी जाऊन बसलो. पुढं काका वारले, वडीलही गेले, बोलायला अडवणारं कुणी उरलं नाही. तरी प्रत्येक वेळी मी खरं सांगणं पुढच्या वेळेवर टाकत गेलो. गेल्या माघात बहीण गेली. चाचीनं आपल्याला परकं मानलं, हीच समजूत ती बरोबर घेऊन गेली.