कुंकू लावलेली जाहिरात

आमच्या व्याह्यांनी पुढे केलेला कागद न घेता निघून गेला, असा माणूस कोपरपासून ठाकुर्लीपर्यंत अजून जन्मायचाय. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. दिव्याला राहतात. माझा नवरा गेला तेव्हा लेक लहान होती. लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिला वाढवली, उजवली, आणि मग कोपरला भाड्याच्या गाळ्यात पोळीभाजी सुरू केली. रडायला सवड नव्हती, तवा तापलेला असायचा. बरं चाललेलं. मग समोर एक चकाचक हॉटेल आलं आणि माझ्या पोळ्या डब्यातच गार व्हायला लागल्या. महिनाअखेरीला गाळा सोडायचा, असं मनाशी ठरवलं आणि लेकीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही दारात. काखेत माझ्या पोळीभाजीची जाहिरात छापलेल्या कागदांचा गठ्ठा, अंगात कडक इस्त्रीचा सफारी. म्हणाले, "विहीणबाई, गाळा सोडायचा नाही. मी आलोय."

आता व्याह्यांना नको कसं म्हणायचं? सख्खा भाऊ असता तर लाटणं दाखवलं असतं.

लोक कागद वाटतात तसे हे वाटत नसत. आधी गाव विचारायचे. रिक्षाच्या रांगेत उभ्या माणसाला, "गाव कुठलं?" तो म्हणायचा कणकवली. "कणकवलीत कुठे?" रांग पुढे सरकायची, रिक्षा जायची, आणि हे त्याच्या आत्याच्या दिरापर्यंत पोचलेले असायचे. मग कागद. एकदा सलूनमध्ये तोंडाला साबण लावून बसलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवून आले. मी म्हटलं, अहो, त्याला तरी सोडायचं. तर म्हणाले, "तोच एक बरा भेटला, पळू शकत नव्हता." कुणी कागद रस्त्यावर टाकला की उचलायचे, कपाळाला लावायचे, घरी गादीखाली ठेवून सरळ करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला परत द्यायचे. "अन्नाचं नाव आहे त्यावर," म्हणायचे. तो बिचारा लाजून दोन पोळ्या घेऊन जायचा. पण दोन पोळ्यांवर गाळ्याचं भाडं निघत नाही.

मग एका सोसायटीत वॉचमनने अडवलं. विक्रेत्यांना आत सोडत नाही म्हणाला. व्याही म्हणाले, "विक्रेता कोण? मी मुलाकडचा." तो गडबडला आणि त्याने गेट उघडलं. तिथेच यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी जाऊन प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, वर अक्षता, आणि घरोघर चहा पीत हातात देऊन आले. "रविवारी संध्याकाळी यायचं हं, सहकुटुंब. आहेर आणायचा नाही." कुंकू लावलेला कागद आपल्याकडे वाचतं कोण? देवापुढे ठेवतात आणि तारीख तेवढी लक्षात ठेवतात.

रविवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर गल्लीत जरीच्या साड्या दिसायला लागल्या. पोरांचे भांग पाडलेले, बाप्यांना अत्तर. एका आजीच्या हातात नारळ. आत डोकावून म्हणते, "नवरामुलगा कुठाय?" मी व्याह्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "विहीणबाई, बोलावणं जरा जास्तच मनापासून झालं."

दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? गाळा जाणारच आहे तर मानाने जाऊ दे, असं म्हणून मी व्याह्यांना पीठ आणायला पिटाळलं. पिठलं टाकलं. जरीवाल्या बायकांनी खरं काय ते ऐकलं, हसून हसून पदर खोचले आणि लाटायला बसल्या. गल्लीत पेपर अंथरून पंगत बसली आणि व्याही सफारीत वाढत फिरले. "अजून एक. मुलाकडच्यांचा मान राखा." त्या हॉटेलातले वेटरसुद्धा येऊन जेवून गेले.

सोमवारी आजी डबा घेऊन आली. म्हणाली, "नवरामुलगा नाही बघायला मिळाला. चार पोळ्या तरी दे, रोज." तिच्यामागे तिची सून, सुनेच्या मागे तिचा मजला. महिनाअखेर आली आणि गेली. गाळा तिथेच राहिला.

आता लोक फोनवरच सांगतात, कागद लागत नाहीत. व्याह्यांचे गुडघे गेले. चौथा मजला, लिफ्ट नाही, खाली उतरणं बंद. तरी दिवाळीआधी मी एक गठ्ठा छापून घेते. लेक म्हणते, "आई, आता कशाला गं?" धंद्याला नकोतच. व्याह्यांना लागतात. खिडकीपाशी करंडा घेऊन बसतात, एकेक कोपरा रंगवतात आणि गॅस सिलेंडर घेऊन आलेल्याला गाव विचारतात.

परवा मी त्यांच्याकडे पोळ्या घेऊन गेले होते. मी निघताना व्याही भिंतीला धरून उठले आणि एक कागद माझ्यापुढे केला. नवरा गेल्यापासून कुंकवाचा कागद माझ्या हातात कुणी देत नाही. टीव्हीवर ठेवतात आणि जातात.

"यायचं हं विहीणबाई. सहकुटुंब."

मी पदर पुढे केला, अक्षता सांडू दिल्या नाहीत. म्हटलं, येते.