जमादारकाकांची समाजसेवा

१ जुलै २०२४, सोमवार. अमडापूरचं वाचनालय. हजर: पेपर वाचणारे दोन गुरुजी, एक मांजर, ग्रंथपाल म्हणून मी आणि पोलिसातून निवृत्त झालेले जमादारकाका.

काकांना चोरी दिसली की कलम आठवायचं. खिडकीतून कावळ्याने बिस्कीट पळवलं की ते उठून उभे राहत. "तीनशे एकोणऐंशी! तीन वर्षं!" मांजराने माझ्या डब्यातली पोळी ओढली की, "तीनशे ऐंशी. सात वर्षं. काऊन का ते घरात घुसलं."

त्या दिवशी नवा फौजदारी कायदा लागू झाला. मी त्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं. चोरीचं कलम आता तीनशे तीन झालेलं पाहून काका हादरले. "ताई, जुन्या कायद्यात जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला का तीनशे तीन लागे. फाशीच! आता कावळ्याले तेच?"

दुसऱ्या दिवशी यादी तपासली, तर पुस्तक गायब. काकांनी दार अडवलं, दोन्ही गुरुजींच्या पिशव्या उलट्या केल्या. "पहिलीच बार म्हणून सोडाचं नाई. चोर तो चोर!"

तेवढ्यात काकू आल्या. "हे घ्या तुमचं पुस्तक. कालपासून यायच्या उशाखाली हाय. पाठ करून राह्यले."

काकांचा चेहरा पांढरा पडला. चाळीस वर्षं चोर पकडणारा माणूस!

"नोंद राहिली असेल," मी रजिस्टर उघडलं. "कालची तारीख टाकते."

"खबरदार! खोटा दस्तऐवज होईल!" मग त्यांनीच घाम पुसत पुस्तक उघडलं. बोट एका ओळीवर थांबलं. "पाच हजाराच्या आत. पहिलीच बार. मुद्देमाल वापस. त शिक्षा फक्त समाजसेवा!" ते खुलले. "कायदा तसा बरा केला हो."

"पण चोर तो चोर ना, जमादार?" एका गुरुजींनी विचारलं.

"चूप बे! कोर्ट चालू हाय."

शिक्षा त्यांनीच ठरवली: वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं. रोज दहाला येत, हजेरीची सही करत, दोन पुस्तकं उरकत. एकदा मी पाहिलं, कालचंच चांगलं कव्हर काढून पुन्हा घालत होते.

"काका, अशानं कधी संपणार?"

"शिक्षा कमी कराले तुमी कोर्ट हाय का?" मग हळूच म्हणाले, "संपली त रोज कुठं जाऊ, ताई?"

गेल्या हिवाळ्यात काका गेले. कपाटं सगळी खाकी झाली आहेत. कायद्याचं पुस्तक त्यांनी शेवटासाठी राखून ठेवलं होतं. मापाने कापलेला कागद त्यातच आहे. माझ्या यादीत त्या एका पुस्तकापुढे अजून कव्हर घातल्याची खूण नाही.