विश्रामच्या पेटीतलं मीठ

विश्रामच्या घरी गेलात तर आधी पाणी बघावं लागतं, प्यायला नंतर मिळतं. मालवणच्या बंदरापासून दहा मिनिटांवर त्याचं घर. पुढच्या खोलीत, जिथे इतरांच्या घरी सोफा असतो, तिथे त्याची चार फुटी काचेची पेटी आहे. तिच्यात तीनशे लिटर समुद्राचं पाणी, वर निळसर दिवे, आत दोन पंप. बसायला कोपऱ्यात एक बाकडं. त्यावर बसून मी आयुष्याची सहा वर्षं घालवली, तेव्हा हे सगळं सांगायचा मला अधिकार आहे.

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. विश्राम माझा शाळेतला बाकसोबती. त्याला रसायन शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण पोहायला लागला की साऱ्या वर्गाची मान खाली. पुढे त्याने तेरा वर्षं पर्यटकांना पाठीवर सिलिंडर लावून समुद्राखाली नेलं, प्रवाळ दाखवलं आणि कशाला हात लावला तर वर आणून सगळ्यांदेखत झापलं. एका डिसेंबरात सर्दी झालेली असताना, पुण्याहून आलेली माणसं परत कशी पाठवायची म्हणून, हा पाण्यात उतरला आणि उजव्या कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं. ऐकू बरं येऊ लागलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे गळ्याच्या वर पाणी नाही.

मग सहा महिने तो नुसता बसून होता. बोलायचा नाही, बंदरावर जायचा नाही. नर्मदावहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "भावजी, कायतरी करा. ह्यो माणूस असोच सुकान जातलो." मी काय करणार, कप्पाळ! शेवटी त्याचं त्यानेच केलं. कुडाळहून काच आणली आणि पेटी बांधली. समुद्रातला दगड उचलायचा नाही हे इतरांना सांगून सांगून त्याचा घसा बसलेला, म्हणून सिमेंटात शिंपल्यांचा चुरा कालवून दगडही स्वतः घडवले. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाच्या पेटीत समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा बोटाबोटांचा प्राणी, दुभागलं होतं, त्याचं अर्धं आणलं. त्या फुलाच्या बोटांत राहणारी नारिंगी माशांची जोडी आणली, तीही कोणाच्या तरी पेटीतच जन्मलेली. या जातीत बाई मोठी आणि बुवा लहान. विश्राम त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आमच्याच घरासारखा." नर्मदावहिनी उंचीने त्याच्या खांद्याशी येते, पण मुद्दा कोणाच्या लक्षात आला नाही असं झालं नाही.

पाणी साधं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अशी पेटी पाळून बघावी. समुद्रात शिंपला वाढतो, शेवाळ वाढतं, जो तो पाण्यातून चुना ओढून घेतो आणि समुद्राला पत्ताही लागत नाही. तीनशे लिटरला मात्र आठवड्यात लागतो. म्हणून दर रविवारी मी माझ्या बाटल्या घेऊन जायचो. नमुन्याच्या पाण्यात थेंब टाकायचे, रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत मोजायचे, की क्षारता कळते. दुसऱ्या बाटलीने कॅल्शियम. कमी पडलं की काय करावं याचे परदेशी पुस्तकांत मोठमोठे उपाय होते. ते वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की साहेब ज्याचं एवढं कौतुक सांगतोय ती आपली चुन्याची निवळी. कालपरवापर्यंत घरोघरी पोरांना पाजत होते ती. बाजारातून चुना आणला, बरणीत निवळत ठेवला आणि वरचं स्वच्छ पाणी थेंब थेंब पेटीत सोडायला लागलो. चाललं की झकास!

चुना आणि क्षारता माझ्याकडे. मीठ विश्रामकडे. आणि मीठ तो जिभेने बघायचा.

मला याचा संताप यायचा. पेटीतलं पाणी उन्हाने आणि वरच्या पंख्याने रोज उडतं, मीठ मात्र मागे राहतं. तेव्हा जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. हजारात पस्तीस हा समुद्राचा आकडा. तो दोन-तीनने हलला तरी समुद्रफुलाला त्रास. अशा कामाला जीभ? मी मुद्दाम एक नळी मागवली. तिच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरली की आत निळा-पांढरा पडदा दिसतो, निळं संपतं तिथला आकडा वाचायचा. विश्रामने ती उलटसुलट करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. "मास्तर, मीठ काय आकड्यान कळता? मगे देवान जीभ कित्याक दिल्यान?"

त्याचं आजोळ शिरोड्याचं, मिठागरातलं. कोणत्या खाचरात मीठ उद्या धरेल आणि कोणत्या परवा, हे त्याचे आजोबा करंगळी बुडवून चाखून सांगत, असं तो सांगायचा. मी म्हटलं, सिद्ध कर. पाच पेल्यांत पाच तऱ्हेचं पाणी कालवलं, तीसपासून चाळिसापर्यंत, आणि सरमिसळ करून मांडले. त्याने एकेक थेंब जिभेवर घेतला, थुंकला आणि पेले क्रमाने लावून दिले. एकही चुकला नाही. वर म्हणाला, "आज पेटीतला पाणी कणभर जड आसा. गोडा घालूक होया." मी नळी लावून पाहिली. छत्तीस! हात दाखवून अवलक्षण झालं. पैजेची कोंबडी आणि वडे माझ्या घरी झाले आणि नळी माझ्या कपाटात गेली ती गेलीच. रसायनाच्या मास्तराला हे शोभत नाही, पण मला त्या जिभेचा अभिमान वाटायला लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला मीच सांगायचो.

गेल्या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या कानानेही त्रास द्यायला सुरुवात केली. कोल्हापूरला जाऊन तेही ऑपरेशन करून आला. आठ दिवसांनी पुन्हा बाकड्यावर हजर. मार्च नीट गेला.

एप्रिलमध्ये उकाडा वाढला, पेटीवरचा पंखा दिवसभर चालू झाला आणि महिना संपता संपता समुद्रफूल मिटायला लागलं. आधी बोटं आखूड झाली, मग सगळं फूल आवळलेल्या मुठीएवढं झालं. मोठा मासा कोपऱ्यात जाऊन भराभर श्वास घ्यायला लागला. मी बाटल्या काढल्या. क्षारता चढलेली. कॅल्शियम चढलेलं. तिसरी बाटली आणली, मॅग्नेशियमही चढलेलं. मी म्हटलं, माझीच निवळी जास्त झाली. ती बंद केली. फरक नाही. पंपात गंज असेल म्हणून पंप उघडला. कोणी खोलीत डासांचं औषध मारलं का म्हणून वहिनीला उलटतपासणी केली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. विश्रामला रोज विचारायचो, "मीठ बघितलंस?"

"बघितलंय मरे. बरोबर आसा."

सगळेच क्षार एकदम चढले तर त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मी नववीच्या पोरांना घातला असता तर मागच्या बाकावरच्यानेही उत्तर दिलं असतं. मला मात्र दिसलं नाही. काखेत कळसा, गावाला वळसा. मित्राच्या जिभेवर संशय घ्यायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं आणि एकदा ठरवलं की माझं डोकं तिकडे फिरकत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी दुपारचा तिकडेच जेवायला थांबलो. बांगड्याचा तिखला आणि भात. पहिला घास घेतला आणि मी वहिनीकडे बघितलं. तिखल्यात मीठच नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. तिने बोट लावून चाखलं आणि जीभ चावली. "भावजी, घालूक इसारलंय मी." हे ती हळू आवाजात म्हणाली, कारण मीठ दोन कण इकडेतिकडे झालं तरी ताट सरकवणारा माणूस आमच्यासमोर बसला होता. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याने मिठावरून नाकाने जेवढे कांदे सोलले, तेवढे कोणी सुरीनेही सोलले नसतील. विश्रामने बांगड्याचा काटा काढला, बोटं चाटली आणि म्हणाला, "बरा झालाहा तिखला. वाईच भात वाढ गो."

वहिनीने भात वाढला.

माझ्या डोक्यात एका क्षणात सगळे आकडे जुळले आणि मला भयंकर राग आला. त्याचा, माझा, सगळ्यांचाच. दुसऱ्या कोणी चार दिवस थांबून, गोड बोलून, त्याच्याकडूनच काढून घेतलं असतं. मला ते जमत नाही. मी हात धुतले, दोन पेले घेतले. एकात पेटीतलं पाणी भरलं, दुसऱ्यात परसातल्या पिंपातलं, त्याने नुकतंच होडीतून आणवलेलं समुद्राचं. दोन्ही पेले त्याच्या ताटापुढे ठेवले.

"ह्यातला पेटीतला खंयचा, ता सांग."

"मास्तर, माझी परीक्षा घेतंस?"

"होय. घेतंय."

त्याने ताट जवळ ओढलं. मग एका पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, ताटातच थुंकलं. दुसऱ्यातलं घेतलं. पुन्हा पहिल्यातलं. मी आधी चाखून बघितलं होतं. माझ्या शाळामास्तरी जिभेलाही पेटीतलं पाणी चरचरलं होतं.

"दोनय सारखीच लागतत," तो म्हणाला. "घशाकडे कायतरी खारट लागता. पण किती, ता कळणा नाय. फेब्रुवारीपासून कळणा नाय."

मग त्याने सांगितलं. जिभेची एक बारीक शीर कानातून जाते. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी दोन्ही वेळा आधी सांगितलं होतं. पहिल्या वेळी जिभेची उजवी बाजू गेली. त्याने कोणाला कळू दिलं नाही, डाव्या अर्ध्या जिभेवर सहा वर्षं पेटी चालवली. माझे पाच पेलेही त्याने त्या अर्ध्या जिभेनेच लावले होते. या वेळी दुसरी बाजूही गेली. फेब्रुवारी-मार्चात गोड्या पाण्याचा अंदाज चालून गेला. एप्रिलात पाणी भराभर उडायला लागलं तेव्हा तो घाबरला. गोडं जास्त झालं तर? म्हणून जेवढं उडेल तेवढं पिंपातलं समुद्राचं पाणी घालायला लागला. दर्याचं पाणी कधी चुकीचं असेल का, असा त्याचा हिशोब. पाणी उडत होतं आणि रोजच्या तीन लिटरांतलं मीठ पेटीत साठत होतं.

"मगे सांगलंस कित्याक नाय?" मी ओरडलोच.

"काय सांगू?" तोही ओरडला. "दर्यात जावक बंदी. आता जीभ पण गेली म्हटला, तर तुमी ही पेटी काढूक लावतल्यात. मगे मी दिवसभर करू काय? भिंतीक बघत बसू?"

नर्मदावहिनीने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "कोण काढूक लावतला?" ती म्हणाली. "मीठ कळणा नाय म्हणान कोण आपला घर मोडता? सहा महिने तुमका भिंतीक बघताना मी बघितलंय. माका पुन्ना नाय बघूचा." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. विजय मिळवल्यासारखे ते दोन पेले मी मांडले होते, आणि आता ते उचलायचीही मला लाज वाटत होती.

विश्रामने हात धुतले. "तुझी नळी आण," तो म्हणाला.

"उद्या आणतंय."

"उद्या नको. आता."

मी उन्हातून घरी जाऊन नळी आणली. त्याने स्वतः दोन थेंब टाकले, झाकण दाबलं, चष्मा वर सरकवून खिडकीकडे तोंड केलं. पडदा आधी दिसेना. मग दिसला. मी म्हटलं, निळं कुठे संपतं ते बघ. त्याने बराच वेळ बघितलं.

"एकेचाळीस," तो म्हणाला. नळी खाली ठेवून त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या माशाकडे पाहिलं. "म्हणजे ह्या माझ्याच हातान झाला."

"आणि माझ्या बाटल्यांदेखत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

एकदम गोडं पाणी ओतलं तर आहे ते फूलही फुटून मरेल. रोज एक आकडा, त्याहून जास्त नाही, असं मी बजावलं. रोज सकाळी तो तांब्याने मोजून पेटीतलं पाणी काढायचा, तेवढंच गोडं पाणी थेंब थेंब सोडायचा आणि मला फोन करून आकडा सांगायचा. चाळीस. एकोणचाळीस. तिसऱ्या दिवशी अडतीस म्हणाला आणि मग म्हणाला, "बाई गेली रे." मोठा मासा गेला होता. लहान उरला. मी जायला निघालो तर म्हणाला, येऊ नको, मला पाणी बदलायचंय.

सहाव्या दिवशी फोन आला. "पस्तीस."

"फूल?"

"अर्धा उघडलाहा. बारको बुवा आत जावन बसलोहा."

"मगे झाला तर."

तो म्हणाला, "मास्तर, तू येवन बघ. माका माझा खरा वाटणा नाय."

साठीला आलेल्या या माणसाने पाण्याबद्दल कधी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मी तसाच बनियनवर सदरा चढवत गेलो. तो पेटीसमोर उभा होता, नळी पुसून तयार. मी थेंब टाकले, खिडकीकडे वळलो. पस्तीस. बरोबर पस्तीस. तसं सांगितलं.

"परत बघ," तो म्हणाला.

मी काच पुसली, नवे थेंब टाकले आणि परत बघितलं.