‘बेकायदा’चा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. तुम्ही पणजोबांचा फोटो पाठवून विचारलंत, छातीवर पलटणीचा बिल्ला का नाही? इंग्रजी लष्कराच्या कागदांत नाव का सापडत नाही? सापडणार कसं? ते त्या लष्करात नव्हतेच. होते असं मीच सांगत आले.

माझे वडील, बापू, निजामाच्या फौजेत शिपाई होते. त्या फौजेचे दोन भाग होते, बाकायदा आणि बेकायदा. उर्दूत इथे बेकायदा म्हणजे कायद्याबाहेरची नव्हे. कवायत नसलेली, साध्या कपड्यांतली फौज. इंग्रजीत इर्रेग्युलर. बापू परतूरला सरकारी खजिन्यावर पहारा करत. म्हणून बिल्ला नाही.

हे मला तेव्हा ठाऊक होतं का? – होतं. शाळा उर्दूतून, आणि उर्दूत मी वर्गात पहिली.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. रझाकार कोण कोण होते, याची चौकशी करायला गावात एक नवे साहेब आले. बापूंनी आपण होऊन नोकरीचा कागद पुढे केला. “आपलं सगळं बराबर हाय,” म्हणाले. साहेबांना उर्दू येत नव्हतं. मला वाचायला सांगितलं. ‘फौजे बेकायदा’ वाचलं तशी साहेबांनी मान वर केली. शेजारचे काका हसले – “घ्या. कागदच बोलून राह्यला की, बापू.”

बापू माझ्याकडे वळले. “अर्थ सांग की माय, साहेबाला.”

मला माहीत नाही, असं मी म्हणाले.

का म्हणाले? अजूनही नीट उमजत नाही. तेव्हा जो तो आपलं उर्दू लपवत होता, दुकानांच्या पाट्यासुद्धा उतरल्या होत्या. दारात मैत्रिणी उभ्या होत्या. अर्थ सांगितला तर मी निजामाची ठरेन असं वाटलं? की साहेबांची भीती? की – हे लिहिताना हात अडतो – बापूंचीच लाज? एक कारण धरावं तर दुसरं खरं वाटू लागतं.

बापूंना जालन्याला नेलं. सुटून आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. कागद परत मिळाला नाही. गावात मागून त्यांना रझाकार म्हणत. पुढे सासरी मी ‘इंग्रजांची पलटण’ सांगितलं, कारण ते सोपं होतं.

बापू आले त्या दिवशी आत्या मला टाकून बोलली, “येवढी साळा शिकली, अन् बापाच्या कामाला एक शब्द आला न्हाई?”

बापूंनी ताटातून मान वर केली नाही. “पोर हाय ती. नुसती अक्षरं वळखती. अर्थ कुठं कळतोय तिला.”

मी शेजारीच जेवत होते. जेवत राहिले.